जुन्या घराची डागडुजी

गिरगांव, ठाकुरद्वार, फणसवाडी या भागांतून हिंडतांना उंच इमारतींच्या सांदींत अजूनही एखादें दुमजली घर दृष्टीस पडतें. पुढें लांकडी कठड्याची ओसरी, बाहेरच्या अंगानें वर गेलेला जिना, माथ्यावर मंगळुरी कौलें. असें घर बहुधा वडिलोपार्जित असतें, आणि ज्या पतिपत्नींच्या वांट्यास तें येतें त्यांच्यापुढें तें एक मोठा प्रश्न घेऊनच येतें. छपर गळत असतें, भिंतींना ओल असते, जिन्याची एखादी पायरी डळमळत असते. आणि जागा मागणारा दलाल दर वर्षीं न चुकतां येऊन जात असतो. विकावें तर मन घेत नाहीं. मोठा कंत्राटदार लावून सर्व घर एकदम नवें करावें तर तितका पैसा हातीं नाहीं. अशा वेळीं एक तिसरा मार्ग राहतो. घरांत राहूनच, शक्य तितकें स्वतःच्या हातांनीं आणि बाकीचें जाणत्या कारागिराकडून, दर सालीं थोडें थोडें करून घर सावरून घ्यावयाचें. या तिसऱ्या मार्गाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पैसा नाहीं म्हणून नाइलाजानें पत्करावयाचा हा मार्ग, असा पुष्कळांचा समज असतो. माझें मत याच्या उलट आहे. जुनें लांकूड-विटांचें घर मुळांतच तुकड्यातुकड्यानें दुरुस्त करतां यावें अशा रीतीनें बांधलेलें असतें. एक कौल फुटलें तर एकच कौल बदलतां येतें. खांबाचा पाय कुजला तर पायच तेवढा बदलतां येतो. गिलाव्याचा पोपडा सुटला तर तेवढीच जागा भरतां येते. अशा घरांचें जें नुकसान दिसतें, त्यांतलें बरेंचसें वयामुळें झालेलें नसून घाईच्या दुरुस्तीमुळें झालेलें असतें, असें जवळून पाहणारास आढळून येईल. म्हणून ज्यांच्यापाशीं पैसा थोडा पण धीर पुष्कळ, असें जोडपें या कामास धनवानापेक्षां अधिक लायक ठरतें.

मात्र कोणतें घर, हें आधीं पाहिलें पाहिजे. मुंबईंतील सर्व जुन्या इमारती एका जातीच्या नाहींत. गिरगांवाकडील जुनीं घरें सागवानी खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर उभीं आहेत. सांगाड्यांतील जागा विटांनीं भरलेली, आणि विटा चुन्यांत बसविलेल्या. दादरची हिंदू कॉलनी किंवा शिवाजी पार्क येथील बऱ्याच जुन्या इमारती 1920 नंतरच्या, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. परळ-लालबागनजीकच्या डिलाईल रोडवरील, वरळीच्या व नायगांवच्या बी. डी. डी. चाळीही त्याच काळांत त्याच पद्धतीनें बांधल्या गेल्या. त्यांपैकीं कांहींच्या जागीं आतां टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत. काँक्रीटचा रोग निराळा. समुद्राची खारी हवा आणि ओल आंतल्या सळीपर्यंत पोहोंचते, सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो आणि आंतून काँक्रीट फोडतो. तें काम पूर्णपणें इंजिनियराचें आहे, गृहस्थानें त्यांत हात घालूं नये. आजचें माझें बोलणें पहिल्या जातीच्या घरांपुरतें आहे.

त्या जातीचा उत्तम नमुना म्हणजे खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नांवाच्या पाठारे प्रभु गृहस्थांनीं आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिले आणि ही वाडी वसली. अरुंद बोळ, दोन्हीं बाजूंस ओसरीचीं घरें. पूर्वीं येथें पासष्ट घरें होतीं असें सांगतात. आज निम्मींही उरलेलीं नाहींत. जीं उरलीं तीं कायद्यामुळें उरलीं असें म्हणवत नाहीं, कारण मुंबईचे वारसा-वास्तूंविषयींचे नियमच मुळीं 1995 सालचे. तोंवर हीं घरें कोणीतरी राहून, दर पावसाळ्यापूर्वीं हात फिरवून, टिकवून धरलीं होतीं. वेषभूषाकार जेम्स फरेरा यांचें वडिलोपार्जित घर या वाडींत आहे. राहतें घर राहतें ठेवूनच तें त्यांनीं सांभाळलें, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां एक कठोर गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. 31 ऑगस्ट 2017 रोजीं सकाळीं भेंडीबाजारांतील पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसांहून अधिक माणसें दगावलीं. जुन्या घराच्या प्रेमाला अशी एक सीमा असते. म्हणून रंगाचा डबा किंवा थापी हातीं घेण्यापूर्वीं बांधकामाची पारख असलेल्या इंजिनियराकडून, त्यांतही लांकडी सांगाड्यांचा अनुभव असलेल्याकडून, घर एकदां वरपासून खालपर्यंत तपासून घ्यावें. तुळई मध्यें वांकली आहे काय, भिंत ओळंब्यांतून सुटली आहे काय, मजल्याचें लांकूड भिंतींत जेथें शिरतें तेथें तें शाबूत आहे काय, हें त्यानें सांगावें. त्यानें घर सोडण्यास सांगितलें तर सोडावें. या एका बाबतींत हट्ट करूं नये. परंतु त्यानें घर उभें राहण्याजोगें आहे असा निर्वाळा दिला, तर पुढील कामाचा मोठा भाग पतिपत्नींच्या आंवाक्यांतला आहे.

काम हातीं घेण्यापूर्वीं भिंतीचा स्वभाव ओळखावा लागतो. चुना होतो कसा, तें पाहूं. चुनखडीचा दगड किंवा समुद्रांतील शिंपले भट्टींत सुमारें नऊशें अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्यांतील कार्बन डायॉक्साईड वायु निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातलें कीं ती उसळते, फुलते, वाफा सोडते, आणि विरलेला चुना तयार होतो. हा चुना वाळू घालून भिंतीवर चढविला म्हणजे तो हवेंतला तोच वायु हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. हें ‘हळूहळू’ फार महत्त्वाचें आहे. वरचा पापुद्रा लवकर घट्ट होतो, आंतला थर महिनोन्महिने घट्ट होत राहतो. चुन्याच्या कामांत घाई चालत नाहीं ती यासाठीं.

अशी चुन्याची भिंत ओल धरते आणि सोडते. जुन्या घरांच्या जोत्यांत ओल अडविणारा थर घातलेला नसतो. जमिनींतलें पाणी, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, विटांतून वर चढतें. दोन-तीन फूट चढलें कीं चुन्याच्या गिलाव्यांतून उडून जातें. पावसाळ्यांत भिंत दमट दिसते, थंडींत कोरडी होते. घर बांधणाऱ्यांनीं ही देवघेव गृहीत धरली होती. पुढें केव्हांतरी घरांत सिमेंट येतें. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिननें पोर्टलँड सिमेंटचें पेटंट 1824 सालीं घेतलें. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना 1914 मध्यें सुरू झाला आणि त्यानंतर हा जिन्नस घरोघर पोहोंचला. नव्या बांधकामांत त्याची योग्यता मोठी आहे, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. पण ओलीचा डाग झांकण्यासाठीं जुन्या भिंतीच्या पायथ्याशीं तीन फूट सिमेंटचा गिलावा मारला म्हणजे काय होतें? पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. तें भिंतींतल्या भिंतींत आणखी वर चढतें. पूर्वीं गुडघ्यापाशीं असलेला डाग आतां छातीपाशीं येतो. आणखी कांहीं वर्षांनीं ती ओल मजल्याच्या तुळईच्या टोकापर्यंत पोहोंचते, आणि सिमेंटच्या गुळगुळीत पडद्यामागें सागवान कुजूं लागतें. बाहेरून भिंत छान दिसत असते! पाण्याबरोबर आलेला क्षार विटेच्या पृष्ठभागाशीं साठतो, त्याचे स्फटिक वाढतात आणि विटेचा भुगा होतो. शिवाय जुनी वीट मऊ, सिमेंट कठीण. घराची नैसर्गिक हालचाल झाली म्हणजे चुन्याच्या दरजा थोडें नमतें घेतात, सिमेंटच्या दरजा घेत नाहींत, आणि मग तडा विटेलाच जातो. सांध्याचा मसाला विटेहून नेहमीं दुबळा असावा, हा गवंड्यांचा जुना नियम याच कारणानें आहे.

येथवर लक्ष दिलें असेल तर कामाचा क्रम आपोआप सुचेल. आधीं पाणी. रंग, गिलावा, फरशी हें सर्व मागाहून. मुंबईंत वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वरून छपर आणि खालून जोतें या दोन ठिकाणीं पाण्याचा बंदोबस्त झाला नाहीं तर मधल्या भिंतीवर केलेला खर्च वाहून जातो.

म्हणून ज्यांच्या हातीं घर नुकतेंच आलें असेल अशा जोडप्यानें पहिल्या पावसाळ्यांत कांहींही दुरुस्त न करतां केवळ पाहावें, अशी माझी सूचना आहे. एक वही करावी. कोणत्या तारखेस, कोणत्या वाऱ्यानें, कोणत्या खोलींत, किती वेळानें थेंब पडूं लागला, तें लिहावें. छपराचें भोंक आणि आंत पडणारा थेंब एकाखालीं एक नसतात. पाणी वाशावरून पांच-सहा फूट घसरत येऊन मग टपकतें. भर पावसांत रात्रीं दोन वाजतां बॅटरी घेऊन माळ्यावर चढणारा घरमालक जें पाहूं शकतो, तें डिसेंबरांत दुपारीं येणाऱ्या कंत्राटदारास कधींच दिसत नाहीं. घरांत राहणाराचा हा खरा लाभ आहे. पागोळ्या कोठें पडतात, पन्हळीचें पाणी जोत्याशींच सांडतें कीं दूर जातें, बोळांतलें पाणी घराकडे उतरतें कीं घरापासून, हेंही वहींत यावें. मुंबईंतल्या बोळांची एक खोड अशी कीं दर नव्या थरानिशीं वाटेची पातळी चढत जाते, आणि एके काळीं दोन पायऱ्या उंच असलेलें जोतें वाटेच्या बरोबरीस येतें. भिंतीला चिकटवून केलेला सिमेंटचा कोबा असेल तर भिंतीलगत हातभर पट्टी फोडून तेथें खडी भरावी. जमिनीला तेवढी तरी श्वास घेण्यास जागा मिळते.

मंगळुरी कौलाविषयीं थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें. बासेल मिशननें मंगळूर येथें 1865 सालीं या कौलांचा कारखाना काढला आणि अल्पावधींत पश्चिम किनारा या तांबड्या कौलांनीं व्यापला. जुन्या नळीच्या कौलांपेक्षां यांचा मोठा गुण हा कीं तीं एकमेकांच्या खांचेंत अडकून बसतात. रिपांवर तीं नुसतीं ठेवलेलीं असतात, चिकटविलेलीं नसतात. त्यामुळें फुटकें कौल खालून उचलून दुसरें सरकवितां येतें. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते आणि वासे कोरडे राहतात. गळतीवर उपाय म्हणून या फटी सिमेंटनें लिंपणें, किंवा वर्षानुवर्षें ताडपत्री ओढून ठेवणें, म्हणजे वाशांना वाफेंत उकडणेंच होय. ताडपत्री एका पावसाळ्यापुरती ठीक. ती ऑक्टोबरांत निघालीच पाहिजे. कौलांवर कोणीही पाय देऊं नये. आडव्या फळ्या टाकून, भार रिपा-वाशांवर येईल अशा रीतीनें, जाणत्या माणसानेंच वर चढावें. खालून कौलें पुरविणें, जुनीं ब्रशानें घासून शेवाळ काढणें आणि टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखणें, हें काम घरच्या माणसांचें. खणखणीत वाजलें तें चांगलें, बद्द वाजलें तें बाजूस काढावें. पन्हळींतला पाला आणि पारव्यांचीं घरटीं काढणें यास तर कौशल्य कसलेंच लागत नाहीं, आणि तरीही निम्मी गळती तेवढ्यानें थांबते.

पावसाळा सरला, भिंती सुकूं लागल्या, म्हणजे लांकडाकडे वळावें. सागवान हें विलक्षण चिवट लांकूड आहे, पण सतत ओलें राहिलें तर तेंही टिकत नाहीं. लांकडांत पाण्याचा अंश शेंकडा वीसच्या खालीं राहिला तर त्यास सहसा बुरशी लागत नाहीं. म्हणजे येथेंही औषधाआधीं कोरडेपणा. खांब जेथें तळखड्यावर टेकतो, तुळई जेथें भिंतींत शिरते, खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी, मोरीशेजारचा मजला, या जागा आधीं तपासाव्या. पेचकसाचें टोंक जोरानें रोवून पाहावें. निरोगी सागांत तें जात नाहीं, कुजक्यांत सहज बुडतें. हातोडीनें ठोकून पोकळ आवाज ऐकावा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या झाडून समाधान मानूं नये. ती कोठून येते, आणि तिला ओल कोठें मिळते, याचा माग काढावा. आंतल्या कोरड्या जागीं टाकणखाराचें द्रावण लांकडांत मुरविल्यास कीड व बुरशी दोन्हींस आळा बसतो. पावसाचें पाणी लागणाऱ्या जागीं मात्र तें धुऊन जातें.

खांबाचा पाय कुजला असेल तर अख्खा खांब बदलण्याचें कारण नाहीं. कुजका भाग निरोगी लांकूड लागेपर्यंत कापून तेथें नव्या लांकडाचा तुकडा तिरक्या सांध्यानें बसवितात. आंब्याला कलम करावें त्यांतलाच प्रकार. अर्थात् वरचा भार टेकूंवर घेऊन हें करावयाचें असल्यानें तें सुताराचें आणि इंजिनियराचें काम आहे. घरच्यांनीं एवढें करावें कीं जोडीसाठीं ताजें, कच्चें लांकूड न घेतां पाडकामांतलें जुनें सागवान शोधावें. मुंबईंत रोज कोठें ना कोठें जुनें घर पडत असतें आणि त्यांतलें लांकूड विकणारे व्यापारी आहेत. एका घराच्या मरणावर दुसरें घर जगतें, ही कल्पना फारशी सुखाची नाहीं. पण असें लांकूड चुलींत जाण्यापेक्षां तें बरें.

चुन्याचें काम पतिपत्नींनीं स्वतः शिकून घ्यावें अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. याचें कारण असें कीं सिमेंटवर हात बसलेले आजचे बहुतेक गवंडी चुन्यांतही गुपचूप सिमेंटची एक पाटी टाकतात, लवकर घट्ट व्हावें म्हणून. आरंभ एखाद्या कोनाड्याच्या आंतल्या भिंतीपासून करावा, जेथें चूक झाली तरी दिसणार नाहीं. चुनकळी घरीं न विरवितां विरलेला, पाण्याखालीं निदान दोन-तीन आठवडे मुरलेला चुना आणावा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. चुनकळी विरवितांना उडालेला एक थेंब डोळा कायमचा घालवूं शकतो, हें मुलांच्या घरांत तरी विसरूं नये. विरलेल्या चुन्यासही चष्मा आणि हातमोजे हवेतच. एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, असें साधारण मिश्रण चालतें. सुरखीमुळें आपल्या दमट हवेंतही गिलावा धरतो. वाळू नदीची, धुतलेली असावी. चौपाटीची वाळू फुकट मिळते म्हणून आणूं नये. तिच्यांतलें मीठ भिंतींत जन्मभर राहतें. तडे जाऊं नयेत म्हणून तागाचे बारीक तुकडे मिसळतात. गूळ आणि हिरड्याचें पाणी घालण्याची जुनी चाल आहे, ती भाकडकथा नव्हे. मिश्रण हातास सुलभ होतें आणि हळू सुकतें. पूर्वीं हें सर्व बैलाच्या घाणींत दळीत असत. आतां थोडक्या कामास घमेलें आणि दंड पुरतात.

भिंतीवरचा सिमेंटचा जुना थर छिन्नीनें हलक्या हातानें काढावा आणि उघडी पडलेली वीट निदान एक कोरडा मोसम तशीच मोकळी ठेवावी. हें फार अवघड जातें. पाहुणे येतात, नापसंतीनें बघतात, ‘अजून झालें नाहीं का?’ असें विचारतात. पण आंतली ओल निघून जाण्यास दुसरा उपाय नाहीं. मग दरजा खरवडून भराव्या, भिंत पाण्यानें भिजवावी, आणि अर्ध्या इंचाहून जाड नाहीं असा थर चढवावा. अधिक जाडी हवी तर पहिला थर आंवळल्यावर दुसरा. आठ-पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावें. हें शिंपडणें कोणी मजूर प्रामाणिकपणें करीत नाहीं. घरांत राहणारें माणूस, कचेरीस जातांना आणि आल्यावर, सहज करतें. शेवटीं चुन्याचीच सफेदी, पातळ, तीन-चार हात. हवेची ये-जा बंद करणारा प्लॅस्टिक रंग वर फांसला तर एवढें सर्व केलेलें व्यर्थ.

रंगाचा विषय निघाला म्हणून एक धोक्याची सूचना. जुन्या दारांखिडक्यांवरील तेलरंगांत शिसें असण्याचा दाट संभव असतो. असा रंग कोरडा घासून किंवा ज्योतीनें जाळून काढला तर शिशाची धूळ व धूर घरभर पसरतो, आणि तो लहान मुलांच्या मेंदूस अत्यंत घातक आहे. खरवडावयाचा तर ओला करून, मुखपट्टी बांधून, खालीं कागद अंथरून खरवडावा. घरांत लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर रंग घट्ट धरून आहे तोंवर त्यास हातच लावूं नये. वरून नवा रंग द्यावा आणि पुढें पाहावें. विजेच्या जुन्या तारांबाबतही स्वावलंबन नको. कापडी वेष्टणाच्या तारा लांकडी पट्टींतून गेलेल्या असतील तर परवानाधारक तंत्रज्ञाकडून त्या पहिल्याच वर्षीं बदलून घ्याव्या. लांकडी घराला आगीसारखा शत्रु नाहीं.

फरशीची मात्र चिंता नको. नक्षीच्या सिमेंट-फरश्या घरांत असतील आणि त्यांपैकीं चार फुटल्या असतील, तर सगळी जमीन उखडून चकचकीत लाद्या बसविण्याचें कारण नाहीं. 1922 सालीं स्वदेशीच्या भावनेनें सुरू झालेला भारत टाईल्सचा कारखाना आजही तशा फरश्या हातानें करतो. जोडीच्या चार मिळूं शकतात.

पैसा आणि कायदा यांविषयीं थोडक्यांत. गिरगांव-लालबागच्या चाळी आणि घरें मोडकळीस येण्याचें एक मोठें कारण भाड्यांत आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशीं बांधलीं गेलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण मालकास दुरुस्ती परवडेनाशी झाली. 1969 मध्यें सरकारनें उपकर बसवून दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापन केलें तेव्हां अशा इमारतींची संख्या 19,642 होती. आपण स्वतः मालक व स्वतःच रहिवासी असाल तर मार्ग सोपा. घरांत भाडेकरू असतील तर त्यांना विश्वासांत घेतल्यावांचून एक कौलही हलवूं नये. गिलावा, सफेदी, फुटकीं कौलें बदलणें अशा किरकोळ कामांस सहसा आधीं परवानगी लागत नाहीं. परंतु भार वाहणारा भाग बदलणें, उंची वाढविणें, किंवा वारसा-परिसरांतील घराचें बाह्य रूप पालटणें यांस लागते. आपल्या विभागाच्या महापालिका-कार्यालयांत आधीं लेखी विचारणा करावी आणि उत्तर त्याच वहींत चिकटवून ठेवावें.

हें सर्व सामान्य जोडप्यास खरोखर जमतें काय, अशी शंका पुष्कळांस येईल. गोव्यांत केपें येथें कुशावती नदीच्या कांठीं, चर्चच्या समोर, एक वाडा आहे. केपें गांव वसविणारे डीन जुझे पावलू द आल्मैदा यांनीं तो अठराव्या शतकांत बांधला. काळाच्या ओघांत तो जीर्ण झाला होता. रूबेन आणि सेलिया वास्को द गामा या गोमंतकीय दांपत्यानें तो पुन्हा उभा केला, त्याची बाग पुन्हा फुलविली, आणि आज आलेल्या पाहुण्यास तें घर दाखवून जेवूंही घालतें. गिरगांवांतच पाहावयाचें तर रॉयल ऑपेरा हाऊस आहे. तें घर नव्हे, रंगमंदिर आहे, आणि मालकीण-मालक गोंडलच्या राजघराण्यांतले, महाराणी कुमुदकुमारी आणि महाराज ज्योतेंद्रसिंहजी, हें खरें. तेव्हां तुलना पूर्ण जुळत नाहीं. तरीही 1993 सालीं बंद पडलेली ती वास्तु आभा नारायण लांबा या स्थापत्यविशारदांच्या हातून सावकाश दुरुस्त होऊन 2016 मध्यें पुन्हा उघडली, आणि पुढल्याच वर्षीं युनेस्कोनें तिचा गौरव केला. राजघराण्याला देखील घाई करतां आली नाहीं!

इंग्लंडांत विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनीं 1877 सालीं जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठीं एक मंडळ काढलें. त्यांचा मुख्य आक्षेप पडझडीपेक्षां अतिउत्साही जीर्णोद्धारावर होता. इमारत मुळांत अशी असेल अशी कल्पना करून तिला नव्यानें ‘जुनी’ बनविण्यापेक्षां साधी, प्रामाणिक, दिसणारी दुरुस्ती बरी, असें त्यांचें म्हणणें. जोडप्यांत या मुद्द्यावर वाद होणारच. एकाला वाटतें, आजीच्या वेळेस होतें तसेंच्या तसें व्हावें. दुसऱ्याला वाटतें, स्वयंपाकघरांत ओटा हवा आणि मोरीच्या जागीं न्हाणीघर हवें. माझा कल दुसऱ्याच्या बाजूस आहे. चुलीच्या धुराचा काळा कोपरा जपण्यासाठीं कोणी गृहिणीनें वांकून स्वयंपाक करावा, यांत वारसा कसला? फक्त नवी मोरी बाहेरच्या भिंतीकडे असावी आणि तिचे नळ उघडे, हाताशीं असावेत, म्हणजे गळती पहिल्याच दिवशीं कळते. त्याचप्रमाणें कामाचीही वांटणी ठरलेली असावी, आणि एक खोली, कशीही लहान, धुळीपासून सदैव मुक्त राखावी. सहा-सात वर्षें चालणाऱ्या कामांत तीच खोली संसार टिकवते.

दलाल पुन्हा येईलच. त्याला काय उत्तर द्यावें, हें मी सांगणार नाहीं. मुलांचें शिक्षण, म्हातारपण, भावंडांचे वांटे, हे प्रश्न खरे असतात आणि प्रत्येक घरीं निराळे असतात. एवढेंच सांगतों कीं ज्या घराचें छपर कोरडें आहे, त्याच्या मालकास उत्तर देण्यास सवड मिळते. गळत्या घराच्या मालकाला ती मिळत नाहीं. यंदाचें पहिलें काम कौलांचें असेल, तर कौलें परतण्याचा हंगाम एप्रिल-मे हा होय. तें काम जाणणारीं माणसें आतां मुंबईंत थोडीं उरलीं आहेत आणि मे महिन्यांत बरींचशीं कोंकणांत आपआपल्या घरीं गेलेलीं असतात. तेव्हां त्यांना मार्चमध्येंच सांगून ठेवावें, आणि जास्तीचीं पन्नास कौलें आधींच आणून जिन्याखालीं रचावीं.